आधीच लिहिलेलं मृत्युपत्र

मृत्युपत्र करू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. आळस, भीती किंवा ‘अजून कुठे वय झालंय’ अशातला तो प्रकार नव्हता. शिक्षक-खोलीत विषय निघाला की मी हिरिरीने बोलायचे. माणूस गेला की त्याची सत्ता संपली. मागे राहिलेल्यांना त्याने कागदावरून हुकूम सोडू नयेत. वाटणी कायद्याने व्हावी, कुणाच्या मर्जीने नको, असं माझं म्हणणं. विज्ञानाचे एक सर हमखास विचारायचे, “बाई, तुमच्याकडे इस्टेट आहे तरी काय, म्हणून एवढं तत्त्वज्ञान?” सगळे हसायचे, तेवढ्यात तासाची घंटा व्हायची आणि विषय तिथेच राहायचा.

मत असं घट्ट व्हायला कारण होतं. माझ्या आईच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं. चार मुलांपैकी थोरल्याला राहता वाडा आणि विहिरीलगतची जमीन, बाकीच्यांना माळाचं रान, मुलींचा उल्लेखही नाही. त्यांच्या मनात काही कारण असेल. कागदावर ते नव्हतं. दिवाणी दावा पडला, अपील झालं. सुट्टीत आजोळी निघायचं म्हटलं की आई आधी ठरवायची, यंदा कोणत्या मामाकडे उतरलो तर बाकीचे कमी रुसतील. एका म्हाताऱ्याची मर्जी तो गेल्यावरही चार घरांवर राज्य करत होती. मृत्युपत्र म्हटलं की मला तो वाडाच दिसायचा.

दुसरं कारण पेशातलं. मी अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. हिंदू कोड बिलाचा विषय निघाला की मी पुस्तक मिटून बोलायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे या बिलाची रखडपट्टी हे एक मोठं कारण होतं. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे चार वेगवेगळे कायदे झाले. त्यातलाच एक हिंदू वारसा कायदा. त्याच्या कलम १४ ने बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. त्याआधी विधवेच्या हाती यायचा तो बहुतेक वेळा हयातीपुरता उपभोग. ज्या कायद्यासाठी एवढा झगडा झाला त्याच्यावर विसंबायचं सोडून आपला वेगळा कागद कशाला करायचा, असा माझा सरळ हिशेब होता.

सरांचा प्रश्न मात्र मी निवृत्तीनंतरच मनावर घेतला. शिक्षकाकडे काही नसतं, हे आपण जुन्या पगारांच्या आठवणीवर म्हणत राहतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या आम्हा जुन्या पेन्शनवाल्यांच्या हाती निवृत्तीच्या वेळी एकदम रक्कम येते: उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून मिळणारी अंशराशीकरणाची रक्कम. ती बहुधा बँकेच्या ठेवीत जाते. शिवाय शिक्षकांच्या पतसंस्थेतले शेअर आणि ठेवी असतात. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट असतो. माझ्याकडे हे सगळं होतं. सांगलीतला फ्लॅट, ठेवी, थोडं सोनं, तासगावकडच्या वडिलांच्या जमिनीत भावांबरोबर सातबाऱ्यावर सामाईक नाव, नवऱ्यामागे आलेली त्याची थोडी शिल्लक, आणि मी लिहिलेल्या एका स्वाध्यायपुस्तिकेचं अधूनमधून येणारं मानधन. मी श्रीमंत नाही, पण भांडण लागायला एवढं पुष्कळ होतं.

मला मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला. आजारपणात आणि एरवीही माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, माझ्याजवळ असते. तिचं नाव मी सगळीकडे नॉमिनी म्हणून लावलं होतं. बँक, पतसंस्था, सोसायटी, पोस्ट. सोसायटीचा नामनिर्देशनाचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा होता. ‘नाते’ या रकान्यात मी तिन्ही वेळा ‘भाची’ लिहिलं आणि सेक्रेटरींनी शिक्का मारून एक प्रत मला परत दिली. मृत्युपत्राशिवाय काम झालं, मर्जीही राहिली आणि तत्त्वही राहिलं, असं मला वाटलं.

सोसायटीच्या अभिहस्तांतरणाच्या कामासाठी आम्ही जिच्याकडे जात होतो ती वकील माझी विद्यार्थिनी निघाली. काम संपल्यावर चहा पिताना तिने सहज विचारलं, “बाई, मृत्युपत्र केलंत का?” मी माझं नेहमीचं म्हणणं ऐकवलं. कायदा आहे, तो करील वाटणी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुमचं मृत्युपत्र झालेलंच आहे की बाई. १९५६ साली. तुम्ही फक्त ते वाचलेलं नाही.”

मग तिने ते मला वाचून दाखवलं. कलम १४ मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्याच्या पुढच्याच कलमापर्यंत कधी गेले नव्हते. कलम १५ सांगतं, की हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. त्यानंतर आईवडिलांना. त्याहीनंतर वडिलांच्या वारसांना. या उतरंडीला कायद्यानेच दोन अपवाद ठेवले आहेत: मूलबाळ नसलेल्या बाईला आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेलं असेल तर नवऱ्याच्या वारसांकडे.

हे मी घरी येऊन माझ्या वहीत मांडलं. तासगावची जमीन वडिलांची, ती माहेरी जाईल. नवऱ्याची शिल्लक त्याची, ती सासरी जाईल. दोन्ही ठिकाणी कायद्याने विचारलं, की हे आलं कुठून? आणि तिसरा ढीग, सगळ्यात मोठा, माझ्या पगाराचा: फ्लॅट, ठेवी, फंड. तो कुठून आला हे कायदा विचारतच नाही. फळ्यासमोर उभं राहून, पेपर तपासून, सुट्टीत जनगणनेची आणि निवडणुकीची कामं करून जे जमवलं, ते सरळ नवऱ्याच्या वारसांना. माझ्या स्वतःच्या कमाईपुरती मी कायद्याच्या नजरेत आधी कुणाची तरी बायको होते, कुणाची मुलगी नंतर.

ही नुसती कागदावरची शक्यता नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ या प्रकरणात हेच ठरवलं. त्यातल्या बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत साप चावून गेला होता. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. १९९६ मध्ये ती गेली तेव्हा बँकेतल्या ठेवी आणि भविष्य निर्वाह निधीची मोठी रक्कम मागे होती, मृत्युपत्र नव्हतं. तिच्या आईने हक्क सांगितला, आणि ज्या घराने तिला काढलं होतं त्या घराच्या बाजूने नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. पैसे त्या मुलांकडे गेले. सहानुभूतीने वारसाहक्क ठरत नाही, असा न्यायालयाचा सूर होता. कायद्याची भाषा पाहिली तर तो निकाल चूक म्हणता येत नाही. मला खुपलं ते तेच.

माझ्या सासरी मात्र असं काही नाही, हे सांगायला हवं. मला कुणी काढलं नाही, उलट सांभाळलं. दिरांच्या मुलांनी माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागवल्या आहेत. म्हणून प्रश्न सासर वाईट की माहेर चांगलं, असा नव्हताच. उलट कायद्याची वाटणी सासरच्यांनाही न्याय देत नव्हती. दीर आता नाहीत, नणंद आहे. नवऱ्याचे भाऊ आणि बहीण वारसांच्या एकाच ओळीत येतात, पुतणे त्यानंतरच्या ओळीत. वरच्या ओळीतलं एकही माणूस हयात असेल तर खालच्या ओळीपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे माझ्या पगाराचं सगळं नणंदेला, रात्री जागवणाऱ्या पुतण्यांना शून्य, भाचीला शून्य. ज्या समान वाटणीच्या नावाने मी वाद घालत होते ती इथे कुठेच नव्हती.

पण नॉमिनी भाची होती ना? त्यावर विद्यार्थिनीने ‘कालनिर्णय’चं नाव घेतलं. महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंपाकघरांच्या भिंतीवर ज्यांचं कॅलेंडर असतं ते जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीत नॉमिनी असलेल्यांचा हक्क किती, यावरचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: शेअर असोत की म्युच्युअल फंड, नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, मालकी मृत्युपत्राने नाहीतर वारसा कायद्याने ठरते. विम्याबद्दल हेच १९८३ मध्ये ठरलं होतं. विम्याचा नियम २०१५ मध्ये बदलला आणि आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच झाली. भाची त्या यादीत नाही. सोसायटीत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंतचा. माझ्या तिन्ही प्रतींनी एवढंच केलं होतं, की माझ्यामागे किल्ली भाचीच्या हातात जावी आणि तिने ती दुसऱ्या कुणाला नेऊन द्यावी.

शिक्षकांच्या बाबतीत हे फार होतं, कारण आमचे नामनिर्देशनाचे फॉर्म नोकरीला लागताना भरले जातात. तेव्हा बहुतेक जण अविवाहित असतात. मुलगा असो की मुलगी, ‘आई’ किंवा ‘वडील’ लिहून मोकळे होतात, आणि तो कागद सेवापुस्तकात पडून राहतो. पुढे लग्न होतं, मुलं होतात, वेतनवाढी लागतात, हेडक्लार्क बदलतात. फॉर्म तोच राहतो. अशाच एका बँक कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीवरून आई आणि बायको यांच्यात वाद झाला आणि २००९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नॉमिनी आई असली तरी रक्कम वारसांत वाटायची. हिंदू पुरुषाच्या वारसांत आई आणि बायको दोघी पहिल्या वर्गात येतात. निकाल समजूतदारपणाचा आहे. पण तो मिळेपर्यंत दोन दुःखी बायका कोर्टाच्या बाकावर समोरासमोर बसल्या.

यानंतर माझं मत बदललं म्हणावं तर एका दिवसात बदललं नाही. कायदा असा आहे हे कळलं; पण त्यावर उपाय मृत्युपत्रच, हे पटायला वेळ लागला. आजोबांचा वाडा मध्ये यायचा. मी त्यांच्यासारखंच करणार, एका भाचीला झुकतं माप देणार आणि बाकीच्यांच्या मनात अढी पेरून जाणार, असं वाटायचं. मला कोड्यातून सोडवलं ते त्याच कायद्याच्या आणखी एका कलमाने. कलम ३० म्हणतं, की हिंदू माणसाला आपल्या मालमत्तेची मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येते. म्हणजे मृत्युपत्र करणं हे कायद्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. १९५६ च्या संसदेने माझ्यासाठी एक मसुदा करून ठेवला आणि शेवटी म्हटलं, की पसंत नसेल तर स्वतःचा लिहा. आजोबांच्या बाबतीत मला जे खटकलं होतं ते मृत्युपत्र नव्हतंच. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण सांगितलं नाही आणि मुलींना वगळलं, हे खटकलं होतं. ते टाळणं माझ्या हातात होतं.

म्हणून मी आधी बोलले. नणंदेकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिच्या हक्काचं मी दुसऱ्यांना देणार, हे तोंडावर सांगणं सोपं नव्हतं. माझा घसा कोरडा पडला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “वहिनी, मला या वयात तुमचा फ्लॅट घेऊन काय करायचाय? पण लिहूनच ठेवा हं. मी सोडेन, माझी मुलं सोडतील याची हमी मी देत नाही.” इतकं खरं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. निर्णय पक्का झाला तो तिथे.

मग लिहायला बसले आणि कळलं, की शिक्षकाच्या आयुष्यात अशा काही गोष्टी असतात ज्या इतरांच्या मृत्युपत्रांच्या नमुन्यात सापडत नाहीत.

पहिली, पेन्शन. अनेकांना वाटतं, की आपण कुटुंब निवृत्तिवेतन कुणाच्या तरी नावे लिहून ठेवू शकतो. नाही. ते माणसाच्या मालमत्तेत मोडतच नाही, ते नियमात बसणाऱ्या कुटुंबीयालाच मिळतं, हे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. माझी पेन्शन माझ्याबरोबर संपेल. राहील ती शेवटच्या महिन्यापर्यंतची थकबाकी. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते मिळत असताना गेलेले सहकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या घरच्यांना ‘अजून काही यायचंय’ हेही माहीत नव्हतं. येणं असलेली रक्कम मृत्युपत्रात नमूद करता येते, ती करावी. २००५ नंतर लागलेल्या तरुण सहकाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या अंशदानाच्या खात्यातली जमा आणि तिथलं नामनिर्देशन त्यांनी दरवर्षी पाहायला हवं.

दुसरी, जामीन. पतसंस्थेत एकमेकांना जामीन राहणं हा आमच्या पेशाचा जुना रिवाज. मधल्या सुट्टीत कुणीतरी कागद पुढे करतो, आपण सही करतो आणि डबा उघडतो. सही करणारा गेला म्हणून आधी दिलेल्या कर्जाची जामीनकी आपोआप पुसली जात नाही. ती त्याच्या मालमत्तेवर येऊ शकते. भाचीला ठेव देताना तिच्यामागे असलेला हा धागाही तिला माहीत हवा. मी कुणाकुणाला जामीन आहे याची यादी केली, आणि दोघांना फोन करून कर्ज फिटलं का ते विचारलं. दोघंही आधी दचकले.

तिसरी, शाळा. अनेक शिक्षक आईवडिलांच्या नावाने बक्षीस ठेवतात. मलाही दहावीला इतिहासात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी ठेव ठेवायची होती. मी मसुद्यात शाळेचं नाव लिहिलं, ते विद्यार्थिनीने खोडलं. मालमत्ता धारण करते ती नोंदणी झालेली संस्था. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तिचा नोंदणी क्रमांक असतो. तो घालायचा, मूळ रकमेला हात न लावता व्याजातून बक्षीस द्यायचं हे लिहायचं, आणि शाळा बंद पडली किंवा दुसरीत मिसळली तर पैसे कुठे जातील तेही लिहायचं. मराठी शाळांची आजची अवस्था पाहता हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात जड झाला, पण लिहिलं.

चौथी, लेखन. कुणाची स्वाध्यायपुस्तिका असते, कुणाचं व्याकरणाचं पुस्तक, आता कुणाच्या शिकवणीचे व्हिडिओ. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. माझ्या पुस्तिकेचं मानधन चहापाण्यापुरतं असलं तरी, उद्या कुणाला ती सुधारून छापायची असेल तर परवानगी कोण देणार? मी एका तरुण शिक्षिकेचं नाव लिहिलं. नातेवाइकांना त्यात काही रस नव्हता, तिला होता.

फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्र करून भाचीला द्यावा, असाही एक सल्ला मिळाला. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये असतं. ती सवलत भाचीला नाही. पण मी नाही म्हटलं ते शुल्कापायी नव्हे. बक्षीसपत्र झालं की घर आपलं राहत नाही. ज्येष्ठांना सांभाळलं नाही तर असं हस्तांतरण रद्द करून घेण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात आहे, पण त्यासाठी आपल्याच माणसाविरुद्ध अर्ज करावा लागतो. माझा भाचीवर पूर्ण विश्वास आहे. तरीही, शेवटपर्यंत आपल्या घरात मालकीण म्हणून राहावं असं मला वाटतं.

प्रत्यक्ष कागद करणं याच्या मानाने फारच सोपं निघालं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात आणि आपण सही केल्याचं त्यांनी पाहिलेलं असावं लागतं. पुढे वाद झाला तर त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात येऊन ते सांगावं लागतं, म्हणून दोघंही माझ्याहून बऱ्याच लहान वयाचे घेतले आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना या कामापासून लांब ठेवलं. मी शुद्धीवर आणि सक्षम आहे असा डॉक्टरांचा दाखला जोडला. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिताना हसू आलं. शाळेत निबंधात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. सक्ती नसतानाही दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदणी केली. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर म्हणून थोरल्या पुतण्याचं नाव घातलं. माहेरच्यांना देण्याची जबाबदारी सासरच्यावर टाकली, हे मुद्दाम केलं.

हे केलं नसतं तर मागच्यांना दिवाणी कोर्टात वारस प्रमाणपत्रासाठी जावं लागलं असतं. महाराष्ट्रात ते अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतं. एल्फिन्स्टनच्या काळातला नियम माझ्या वारसांच्या वाट्याला येणार होता, हे इतिहासाच्या शिक्षिकेला गमतीचं वाटलं, मावशी-आत्यांच्या मालमत्तेसाठी खेटे घालणाऱ्यांना वाटत नसेल.

हे सारं माझ्यापुरतं, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातल्या बाईपुरतं आहे. बौद्ध आणि जैन सहकाऱ्यांनाही तोच कायदा लागू आहे. उर्दू शाळेतल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं, की मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात तर मुलं असतील तर अर्धा वाटा त्यांच्यासाठी राखीवच. म्हणून शेजारणीच्या मृत्युपत्राची नक्कल करू नये, एवढंच.

मी नोंदणी करून आल्यानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, कलम १५ ला दिलेल्या आव्हानावर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. मला ते वाचून बरं वाटलं आणि रागही आला. कलम जागच्या जागी आहे, आणि त्यातून वाट काढायचं काम पुन्हा बाईनेच करायचं. १९५६ मध्ये पगार मिळवणाऱ्या विधवा थोड्या असतील. आज प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर त्या आहेत. कायदा बदलायला हवा, हे माझं मत मृत्युपत्र केल्याने बदललेलं नाही. उलट आता ते अधिक नेमकं झालं आहे: मी कुठून कमावलं हे कायद्याने विचारावं.

माझ्या जुन्या मतातलं आणखी एक मी सोडलेलं नाही. अटी घातल्या नाहीत. भाचीने लग्न कुणाशी करावं, फ्लॅट विकू नये, अमुक वर्षं भाड्याने देऊ नये, असलं काही नाही. गेलेल्या माणसाने हुकूम सोडू नयेत, हे मला आजही पटतं. ज्याचं त्याला द्यावं, का दिलं ते दोन ओळींत सांगावं आणि बाजूला व्हावं. ती दोन ओळींची कारणं मी लिहिली आहेत. पुतण्यांसाठी, भाचीसाठी, आणि नणंदेसाठीही, जिला मी तिच्या आईच्या पाटल्या परत दिल्या.

विज्ञानाच्या सरांना परवा हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे बाई, तुम्ही हरलात.” हरले नाही. वाद मर्जी की कायदा असा आहे, असं मी समजत होते. वाद कुणाच्या मर्जीचा, एवढाच होता. आणि उद्या माझं मन पुन्हा बदललं तर मी नवं मृत्युपत्र करीन. शेवटचं तेच खरं मानायचं, असं कायदाच सांगतो.